आतल्या कपड्यांचं तापमान

आमच्या सोनईच्या घरातल्या वॉशिंग मशीनला एक गोल बटण आहे. त्याच्याभोवती आकडे छापलेत. आधी गार पाण्याची खूण, मग तीस, चाळीस, साठ आणि सगळ्यात शेवटी नव्वद. लग्न होऊन आले आणि हे बटण पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, कपडे धुवायलासुद्धा एवढं गणित लागत असेल तर नववीत शाळा सोडायला नको होती.

माझं माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथं धुण्याच्या पाण्याला दोनच तापमानं होती. गार, आणि थंडीच्या दिवसांत बोटं वाकत नाहीत इतकं गार. पावसाळ्यात ऊन दिसायचं नाही, म्हणून आई सगळं धुणं चुलीच्या वर टांगलेल्या बांबूवर टाकायची. तिचं लुगडं, बापाचा सदरा, आमचे परकर, चड्ड्या, सगळं एका ओळीत. धूर सगळ्यांना सारखा. वर्गात गेलं की बाई विचारायच्या, "काय गं, आज कणसं भाजली का घरी?" लाज वाटायची, पण ती धुराची. चड्डी दोरीवर दिसते याची लाज असते, हे आमच्याकडं कुणाला ठाऊकच नव्हतं. एका खोलीच्या घरात लपवायला आडोसा कुठला?

सोनईला आडोसे भरपूर. चार खोल्या, पुढं गॅलरी, वर स्लॅब, मागं बोळ. घर मास्तरांचं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवून रिटायर झाले. सासूबाईंना आत्याबाई म्हणते. त्या कुठंच शिकवायला नव्हत्या, पण शिकवणं त्यांचंही थांबलेलं नाही. नवरा साखर कारखान्याच्या ऑफिसात. डोंगरातल्या, शाळा अर्धी सोडलेल्या पोरीला असल्या घरानं पसंत केलं, याचं माझ्या आईला इतकं नवल वाटलं की लग्नात ती सगळ्यांच्या पायाच पडत होती. मीही पडत होते. उपकार मानायची सवय मला तेव्हापासून लागली. आणि कधी चुकून विसरले तर आठवण करून द्यायला आत्याबाई होत्याच.

मशीन नवऱ्यानं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आणलं. पहिले काही महिने ते धुण्याच्या कामाचं नव्हतं, दाखवायच्या कामाचं होतं. आत्याबाईंनी त्याला झालरीचं कव्हर शिवलं, वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कव्हर उचलून तोंड दाखवायच्या, नव्या नवरीचं दाखवतात तसं. मला त्या मशीनची फार कणव यायची.

पुढं वापर सुरू झाला तो नियमांसकट. पुरुषांचे कपडे मशीनमध्ये. चादरी, अभ्रे, टॉवेल मशीनमध्ये. बायकांचे आतले कपडे मात्र नाही.

"पुरुषांच्या कपड्यांत का गं घालायचे ते?" आत्याबाई म्हणाल्या. "काही रीतभात?"

मग ते बाथरूममध्ये, अंघोळीच्या उरलेल्या पाण्यात, साबणाच्या झिजलेल्या तुकड्यानं धुवायचे. वाळवायचे मागच्या बोळात. बोळ इतका अरुंद की ऊनसुद्धा आत यायला अंग चोरायचं. तिथं दोरीवर आधी आतले कपडे टाकायचे, त्यांच्यावर परकर पसरायचा, आणि परकर उघडा दिसू नये म्हणून त्याच्यावर जुनी साडी. अशा तीन थरांखाली, अंधारात आणि ओलीत, आमची अब्रू वाळत असायची. म्हणजे वाळायची नाहीच. दुसऱ्या दिवशी दमट ते दमट अंगात घालायचे.

पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, मामांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या आणि नवऱ्याच्या बनियन भर उन्हात फडफडत असायच्या. पंधरा ऑगस्टला शेजारच्या शाळेची प्रभातफेरी आमच्या दारावरून जाते. मला दर वर्षी धाकधूक, की एखादं पोरगं झेंडा समजून चुकून वंदन करेल.

तर या रीतभातीत मला खाज सुटली.

सुरुवात कंबरेला, जिथं नाडी बसते तिथं. मग मांडीला. लाल गोल चट्टा, कडेनं उठलेला, मधे साफ. आमच्याकडं याला नायटा म्हणतात. मी कुणाला सांगितलं नाही. रात्री नवरा झोपला की खाजवायचं, दिवसा धुणं चोळताना ओट्याला कंबर घासायची. पण खाज लपत नाही. एकदा भाकरी थापता थापता हात गेला आणि आत्याबाईंनी बघितलं.

"काय झालंय?"

"काय न्हाई, आत्याबाई. घामानं."

"दाखव."

दाखवलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "आमच्या घरात असलं कधीच न्हवतं गं बाई. तिकडनंच आणलंस."

आता तिकडून येऊन मला दोन पावसाळे झाले होते. नायटा एवढा धीराचा असतो, एवढी वाट बघून मग उगवतो, हे मला नवीन होतं. तरी मी मनातल्या मनात आठवत बसले, तिकडं कुणाला होतं का, चुलतीला होतं का, बापाला होतं का. स्वतःला दोष सापडेपर्यंत शोधत राहायची माझी खोड आहे.

खरी अडचण वेगळी होती. नणंद पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला माहेरी, म्हणजे आमच्याकडं आणायचं ठरलं होतं. आत्याबाईंनी पोरीच्या बाळंतपणाची तयारी मेथ्यांपासून सुरू केली होती. अशा घरात अंगाला चट्टे असलेली सून, पुढं बाळाचे कपडे तीच धुणार, हे काही त्यांना पटेना. एके दिवशी दुपारी त्यांनी नवऱ्याला माळ्यावर चढवलं आणि माझी लग्नातली निळी बॅग खाली काढायला लावली.

"पोरीला येऊ दे," त्या मला म्हणाल्या. "तोवर तुझं बरं झालं तर ठीकच. न्हाईतर थोडे दिवस माहेरी जाऊन ये. हवापालट हुईल."

थोडे दिवस. आमच्या गावात एक बाई अशीच थोड्या दिवसांसाठी आली होती. तिचा पोरगा आता आमच्या शाळेत सातवीत होता.

बॅग माझ्या कॉटखाली ठेवली गेली. झाडताना रोज तिला केरसुणी लागायची.

नवऱ्याला विचारलं, "तुमी काय म्हणता?"

"बघू की," तो म्हणाला, आणि खिशात हात घालून मांडी खाजवली. त्याला वाटलं मला दिसलं नाही. मलाही वाटलं, उगाच माझ्या मनाचे खेळ.

मग आत्याबाईंनी मला नगरला कातडीच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. पाटीवर बदललं, कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच आहे. डॉक्टरबाईंनी चट्टा बघायच्या आधी प्रश्न विचारले. आतले कपडे कशानं धुता? कुठं वाळवता? उन्हात का नाही? टॉवेल सगळ्यांचा एकच का? मी खाली बघत उत्तरं देत होते आणि आत्याबाई माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू घरातलं कपाट मी रस्त्यावर आणून उघडलंय.

"ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतले कपडे, टॉवेल, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. साठ डिग्री. कोमट नाही चालणार, कोमट पाण्यात हे मजेत राहतं. मग कडक उन्हात वाळवायचे. आणि मेडिकलमधून मनानं आणलेली ट्यूब अजिबात लावायची नाही, तिनं दबतं आणि पुन्हा दुप्पट येतं. घरात अजून कुणाला आहे?"

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "कुणालाच न्हाई. हिलाच."

"असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यावं लागतं. नाहीतर एकाचं बरं होतं, दुसऱ्याकडून परत येतं."

"हिलाच," आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं.

साठ डिग्री हा शब्द घरी पोचला आणि मामांच्या हाती पडला. विज्ञान हा त्यांचा विषय नव्हता, पण मत होतं. त्यांनी चष्मा लावून मशीनचं पुस्तक वाचलं, इंग्रजी भाग मोठ्यानं आणि मराठी भाग मनात. मग जाहीर केलं, "हे शास्त्र आहे. यात सोवळंओवळं नाही. सगळ्यांचे सगळे कपडे मशीनमध्ये, साठ डिग्रीवर."

आत्याबाई तोंड फिरवून म्हणाल्या, "करा. वाटोळं करा." ही त्यांची परवानगी असते.

अशा तऱ्हेनं माझे आतले कपडे पहिल्यांदा मशीनमध्ये गेले. मामांनी स्वतः बटण साठवर फिरवलं आणि मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. काचेतून फेस फिरताना दिसत होता.

थोड्या वेळानं त्यांना शंका आली. "मशीन साठ म्हणतं. पण आहे का साठ? प्रचीती पाहिजे."

दार तर चालू मशीनचं उघडत नाही. तेव्हा त्यांनी सांडपाण्याची नळी बादलीत सोडायला लावली, कपाटातून ताप मोजायचं थर्मामीटर आणलं, ते आकडे दाखवणारं, आणि पाणी बादलीत पडताच त्यात बुडवलं. थर्मामीटर टुकटुक वाजलं. मामांनी चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर घेतला.

"चौऱ्याण्णव!" ते ओरडले. "अगं ए, चौऱ्याण्णव! साठ मागितलं, चौऱ्याण्णव दिलं!"

आत्याबाई धावत आल्या. "म्हंजी?"

"म्हणजे शंभरला चहा उकळतो. आपण चड्ड्यांचा चहा करतोय!"

मी बादलीत हात घातला. पाणी कोमट होतं. तान्ह्या बाळाला अंघोळ घालता आली असती.

"मामा," मी म्हणाले, "कोमट लागतंय."

"हाताला काय कळतं?" मामा म्हणाले. "हाताला कळत असतं तर थर्मामीटर कशाला काढलं असतं लोकांनी?"

मी हात बाहेर काढून पदराला पुसला. खरं सांगायचं तर मला त्यांचंच पटलं. थर्मामीटर कंपनीत बनलेलं, आणि माझा हात नववीपर्यंत शिकलेला. त्या दिवसापासून मामांनी बटण तीसवर आणलं. त्यांचा हिशेब सरळ होता: मशीन मागण्यापेक्षा चौतीस जास्त देतं, म्हणजे तीसवर ठेवलं की चौसष्ट मिळणार. नवऱ्यानं मान डोलावली. तो कारखान्यात आकड्यांचंच काम करतो.

पुढचे कितीतरी आठवडे आम्ही अशी गार पाण्यात शास्त्रीय धुलाई केली. कपडे पुन्हा बोळातच वाळायचे, कारण तापमान हे शास्त्र असलं तरी दोरी ही रीत होती. मी औषध घेत होते. चट्टा जरा बसायचा आणि पुन्हा फुलायचा. आत्याबाई दर दोन-तीन दिवसांनी "दाखव" म्हणायच्या आणि बघून सुस्कारा सोडायच्या. नणंदेचा सातवा जवळ येत चालला. मी बॅगेची चेन उघडून बघितली, नीट चालते का. चालत होती.

मग मामांना सर्दीचा ताप आला.

ते खोलीत पडले होते. आत्याबाईंनी काढा दिला आणि तेच थर्मामीटर काखेत लावलं. टुकटुक झालं. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा मामा उठून बसले होते आणि हातातल्या थर्मामीटरकडं टक लावून बघत होते.

"किती आहे हो?" आत्याबाईंनी विचारलं.

मामांनी थर्मामीटर उलटंसुलटं करून बघितलं.

"अहो, लई हाय का?"

"नव्याण्णव," मामा हळूच म्हणाले.

"मग कसला ताप! उठा, चहा घ्या."

मामा उठले नाहीत. त्यांचं चित्त तापात नव्हतंच. चड्ड्या चौऱ्याण्णववर शिजतात आणि मास्तर नव्याण्णववर चहा पितात, या दोन गोष्टी एका घरात कशा राहणार, ते जुळवत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "फॅरनहाइट." एवढंच. ऐन वेळी दगा दिलेल्या एखाद्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "त्या दिवशी पाणी कसं होतं म्हणालीस?"

"कोमट, मामा."

"हं," मामा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. शास्त्राला सर्दी झाली होती.

मेकॅनिक आला. त्यानं मशीन पालथं घालून आतला हीटर काढला तर त्याच्यावर पांढरा खार चढलेला, बोटाएवढा जाड, कुरडईसारखा. बोअरचं पाणी. "हा काय तापवणार, मास्तर? हा तर रजई घेऊन बसलाय," तो म्हणाला. नवा हीटर बसवला, दर महिन्याला खार काढायची पूड घालून मशीन रिकामं फिरवायला सांगितलं आणि गेला.

आता मामांनी ठरवलं, झालं ते झालं, घर एकदा मुळापासून धुवायचं. नणंद रविवारी येणार होती. शुक्रवारी सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळ्यांचे आतले-बाहेरचे कपडे गोळा केले. मी खुंटीवरचंही सोडलं नाही. मामांची बंडी, नवऱ्याची पँट, आत्याबाईंचं कॉटनचं पोलकं, ज्याला त्या आतून चोरखिसा शिवून घेतात. रंग सुटणारं बाजूला ठेवलं, बाकीचं भरलं. बटण साठवर. चौघंही मशीनसमोर उभे. काच या वेळी खरंच तापली. मी बोट लावून बघितलं आणि माझ्या हाताला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पिळायची वेळ आली आणि मशीन खडखडायला लागलं. खडखड, टणटण, पुन्हा खडखड.

"नाणी राहिली असतील," नवरा म्हणाला.

मशीन थांबलं. दार उघडलं. मी कपडे काढायला लागले. चादरीच्या घडीतून एक ट्यूब खाली पडली. खाजेच्या मलमाची, मेडिकलमधली, बुडापासून गुंडाळत आणलेली. टोपण अजून घट्ट. मला वाटलं, आता संपलं. ही माझीच म्हणतील. पण मी कधी ट्यूब घेतलीच नव्हती, मला एकटीला मेडिकलला कोण सोडतं?

मग दुसरी पडली. तीच कंपनी.

मग आत्याबाईंच्या पोलक्याच्या चोरखिशातून अर्धी बाहेर आलेली तिसरी.

तिन्ही ट्यूबा फरशीवर, धुऊन स्वच्छ, साठ डिग्रीला. कुणीच वाकून उचलेना. नवरा गॅलरीकडं बघत होता. मामा मशीनच्या पुस्तकात काहीतरी शोधत होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, की हसले तर बॅग आजच भरावी लागेल. सगळं घर दोन वर्षं आपापल्या खोलीत कडी लावून खाजवत होतं, एकाच दुकानातून एकच ट्यूब आणत होतं, आणि दुकानदारानं कुणाचं कुणाला सांगितलं नव्हतं. सोनईत एवढी गुप्तता दुसऱ्या कशाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

शेवटी आत्याबाईच बोलल्या. मला म्हणाल्या, "उचल की. काय पाय देतीस काय त्याच्यावर?"

उचलल्या. शनिवारी सकाळी नगरच्या गाडीला आम्ही चौघं होतो. पुरुष मागच्या बाकावर, आम्ही पुढं.

डॉक्टरबाईंनी माझा कागद बघितला. "कमी का होत नाही? कपडे गरम पाण्यात धुता ना?" मी मामांकडं बघितलं नाही. ती माझी माणुसकी. "घरात अजून कुणाला आहे का, खरं सांगा."

मी तयारी केली होती. आत्याबाई "हिलाच" म्हणाल्या की मी मान हलवणार होते.

"सगळ्यांना," आत्याबाई म्हणाल्या. मग पदर सावरून, मला ऐकू जाईल असं, "मला आधी झालं. हिच्या लग्नाच्या आधीपासनं हाय. हिला माझ्याकडनंच लागलं असंल. एक टॉवेल हुता आमचा."

डॉक्टरबाईंनी चौघांना औषध लिहून दिलं. बाहेर येताना आत्याबाईंनी माझा दंड धरला. जिना खडा होता आणि त्यांचे गुडघे दुखतात, एवढंच कारण असेल. पण खाली आल्यावरही स्टँडपर्यंत सोडला नाही. मला त्या क्षणी एवढं भरून आलं की मी त्यांना सांगणार होते, आत्याबाई, तुमच्याकडून काही मिळालं याचंच मला अप्रूप. नशीब, गाडी लागली होती.

दोरीचा प्रश्न मात्र उरला होता. ऊन पाहिजे, पण दिसता कामा नये. त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी त्यावर तोडगा काढला. स्लॅबवर टाकीजवळ चार बांबू उभे केले, तीन बाजूंनी जुन्या चादरी बांधल्या, चौथ्या बाजूला टाकी. वर मोकळं आभाळ. आत दोरी.

"आता वरनं देव बघतोय," मी म्हणाले.

"बघू दे. त्यानंच अंग दिलंय," आत्याबाई म्हणाल्या. "शेजारच्या मास्तरणीनं न्हाई."

त्या चादरींच्या खोलीत आमचे कपडे पहिल्यांदा कडकडीत वाळले. हातात घेतले तर पापडासारखे वाजत होते. रविवारी नणंद आली, तिला सगळं आधीच फोनवर कळलेलं. पोटावर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, माझेपण तिथंच टाक गं. आमच्याकडं बाथरूमच्या दाराआड वाळवतात. मला पण खाज येतीय." आणि खाजवलं. उघड, सगळ्यांसमोर. त्या घरातलं ते पहिलं उघड खाजवणं.

नणंदेच्या खोलीसाठी जागा करताना आत्याबाईंनी कॉटखालची निळी बॅग ओढली. त्यांनी चेन उघडली, आत हिवाळ्याच्या दोन गोधड्या आणि डांबरगोळ्या टाकल्या, चेन लावली आणि मला स्टुलावर चढवलं.

"नीट आत ढकल माळ्यावर. लगेच लागायची न्हाई."

मी ढकलली, पार भिंतीला टेकेपर्यंत. लगेच म्हणजे कधीपर्यंत, ते मात्र विचारलं नाही.